सातव्या टाकीचा वास

ओमी, ८ डिसेंबर १९६७

शिनो,

हे पत्र एकटीने वाच आणि वाचून झाल्यावर चुलीत घाल. शेजारच्या काकूला दाखवू नकोस. तुझ्या नवऱ्याला लिहिताना तर यातला एक शब्द जाऊ देऊ नकोस. तो माझ्यापासून वीस पावलांवर तांदूळ वाफवतो आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून तुला लिहितो आहे. हसू नकोस.

माझं नाक गेलं.

इथे साकेघरात तांदळाची दारू गाळायला आल्यावर पंधराच दिवसांत ताप आला. चार दिवस अंथरुणात होतो. पाचव्या दिवशी उठून जेवायला बसलो तर मिसोचं खारं सूप म्हणजे नुसतं गरम पाणी. मी स्वयंपाक्यावर ओरडलो, "अरे, मिसो घालायला विसरलास का?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बाकीची माणसं खाली माना घालून पीत होती. मुळा खाल्ला, खारवलेला मासा खाल्ला, सगळं कागदासारखं. वास गेला आणि मागोमाग चवही गेली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानात गेलो आणि तू शिव्या देशील असं काम केलं. नात्तोची पुडी उघडायला लावली आणि नाक त्यात खुपसलं. म्हटलं, हा सडक्या सोयाबीनचा वास तरी येईल. नाही आला. मग घाबरलो, दोनदा अंघोळ केली, कपडे उकळून घेतले आणि कंबर धरल्याचं सोंग करून भातावर कोजीची बुरशी धरायला ठेवतात त्या खोलीकडे तीन दिवस फिरकलो नाही.

डॉक्टर म्हणतो, वसंतात कदाचित परत येईल. वसंतात येऊन काय करू? मालक म्हणजे आता थोरले नाहीत, त्यांचा मुलगा आहे. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की सातव्या टाकीची साके मार्चच्या पारखीत वर आली नाही तर पुढच्या हिवाळ्यापासून तांबा प्रांताची माणसं बोलावीन. म्हणजे आपल्या गावच्या बाराही घरांची हिवाळ्याची कमाई गेली. आणि बारा घरांचा तोजी, मुख्य कारागीर, बिननाकाचा.

तुझं नाक माझं आहे. सात वर्षांची असताना माझ्या बाटलीचा वास घेऊन "बाबा, यात ओलं फडकं आहे" म्हणाली होतीस, आणि खरंच गाळायच्या पिशव्या नीट वाळल्या नव्हत्या. मी आंबवणाच्या बाटल्या रेल्वेने पाठवतो. तू वास घे, चाख आणि लिही. कळव लवकर.

तोराकिची

•

नोतो, १३ डिसेंबर

बाबा,

पत्र चुलीत घातलं. काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, काय जळतंय गं? म्हटलं, जुनं कॅलेंडर.

तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? नात्तो! तेही विरजण लावायच्या दिवसांत! ते जंतू कोजीच्या खोलीत गेले असते तर अख्ख्या भाताचा चिकट लगदा झाला असता, आणि मग नाक असून तरी काय करणार होतात? लहानपणी आम्हाला मेली ती पुडी घरातसुद्धा आणू देत नव्हतात. तुम्ही परत येईपर्यंत तोंड बांधून बसायचो आम्ही.

रडले मी, खोटं कशाला सांगू. नंतर राग आला. ह्यांना सांगा ना, बाबा. आठ वर्षं तुमचं आडनाव लावतात, तुमच्या हाताखाली मुकादम आहेत, त्यांचं नाक काही वाईट नाही. तुमच्यासमोर कधी मान वर केली आहे का त्यांनी? मला इथे बसून बाटल्या हुंगायला लावता आणि ज्याच्या नाकाखाली टाकी आहे त्याला विचारत नाही, हा कुठला न्याय? एरवी बाईमाणसाने साकेघराचा उंबरा ओलांडायचा नाही म्हणता. नाक मात्र ओलांडून आलेलं चालतं.

तरी पाठवा. तुम्हाला नाही म्हणायला मी कधी शिकले? आता रात्रंदिवस हाच घोर. आज खडकावर शेवाळ खरवडायला गेले तर बायका म्हणाल्या, शिनो, लक्ष कुठे आहे, लाट येईल अंगावर.

शिनो

•

ओमी, १८ डिसेंबर

शिनो,

दोन बाटल्या पाठवल्या आहेत. निळ्या दोऱ्याची विरजणाची, पांढऱ्या दोऱ्याची पहिल्या टाकीची, परवाच गाळलेली. निळीचं बूच मुद्दाम सैल ठेवलं आहे, घट्ट करू नकोस, फुटेल. कोंड्यात पुरून दिल्या आहेत.

तामेझोला का सांगत नाही विचारतेस. त्याला कळलं की त्या दिवसापासून तो मला सांभाळून घ्यायला लागेल. पायरी आली की हात देईल. ते मला सोसायचं नाही. सव्वीस वर्षं या घराचा तोजी आहे मी. घरजावयाने माझी काठी व्हावी इतका अजून म्हातारा झालो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू फक्त हुंग.

तोराकिची

•

नोतो, २३ डिसेंबर

बाबा,

दोन्ही नीट पोचल्या. पार्सलवाले काका म्हणाले, बापाने लेकीला दारू पाठवलेली पहिल्यांदा बघतो.

विरजण छान आहे. आधी दह्यासारखं आंबट, मग मागून कच्च्या नाशपातीच्या सालीचा वास. ओला किंवा कुबट अजिबात नाही. पुढे चालवा.

पहिल्या टाकीची साके नुसती चाखली तेव्हा मला जरा रागीट वाटली. घशाशी टोचते. मग बुरी मासा आणि मुळा शिजवला, साके कोमट केली आणि एकेक घोट घेतला. बाबा, तीच साके, पण माशाचा तेलकटपणा धुऊन नेला आणि मुळा गोड लागला! कोंड्यात मुरवलेल्या सार्डिनबरोबर तर आणखी मजा. तो खारटपणा एरवी जिभेवर बसून राहतो, तो साकेने उचलून नेला. गार मात्र पिऊ नये. कोमटच, आणि शेजारी मासा हवाच. काकूंना अर्धा पेला दिला, त्या म्हणाल्या, तुझ्या बापासारखीच आहे, जेवणाबरोबर बरी वाटते.

ह्यांचं पत्र आलं होतं. तुमची तब्येत कशी आहे ते मलाच विचारतात! मी "तुम्ही तिथे आहात, मी काय सांगू" असं लिहिलं. नवऱ्याशी पहिल्यांदा खोटं वागते आहे, बाबा, लक्षात ठेवा.

शिनो

•

ओमी, २४ जानेवारी १९६८

शिनो,

तुझी सगळी पत्रं मिळाली. तू जे जे लिहिलंस ते मी दुसऱ्या दिवशी टाकीवर वाकून, डोळे मिटून, माझं म्हणून सांगितलं. "नाशपातीची साल," म्हटलं. पोरं मान डोलावतात. कोणाच्या मनात शंकाही नाही.

सातवी टाकी परवा भरली. तांदूळ सडून सडून निम्मा केला, मोत्यासारखा झाला आहे. भिजवताना मी स्वतः घड्याळ धरून उभा होतो. हात अजून शाबूत आहेत. कोजीच्या भाताचा दाणा दाताखाली धरला की आत किती शिजला ते कळतं. फेसाचा आवाज कळतो, काठावर हात ठेवला की थंडी कळते. पण हे सगळं घरात शिरायच्या आधीचं अंगण आहे. गाळायचा दिवस नाकच सांगतं.

धाकट्या मालकाला खरबुजाचा वास हवा आहे. म्हटलं, मालक, खरबूज हवं तर खरबूज खा. साके माशाच्या मागे उभी राहिली पाहिजे, पुढे नाचली नाही पाहिजे. तो हसला आणि म्हणाला, "तोजी, पारखीला मासा देत नाहीत."

माणसांना यंदा शिस्त राहिलेली नाही. पूर्वी टाकीपाशी कोणी चकार शब्द काढत नसे. आता जो येतो तो बडबडतो. एक म्हणतो, "आज काय गोड सुटलाय वास!" दुसरा म्हणतो, "कालच्यापेक्षा आंबट जरा कमी वाटतोय हं!" तुझा नवरा तर बहिऱ्याशी बोलल्यासारखा ओरडतो. दोनदा दटावलं. ऐकत नाहीत.

झोप लागत नाही. दर तासाला उठून टाकीपाशी जातो आणि जाऊन नुसता उभा राहतो.

तोराकिची

•

नोतो, १२ फेब्रुवारी

बाबा,

घाईत लिहिते, पोस्टवाला दारात उभा आहे. तुम्ही नऊ तारखेला पाठवलेली सातव्या टाकीची बाटली आज मिळाली. बूच काढलं. वार्निशसारखा वास येतो, तिखट, नाकात चढणारा. गोडी जवळजवळ संपली आहे. आंबटपणा चढतोय आणि शेवटी जीभ कडू पडते. मी तीनदा चाखलं, तोंड धुऊन पुन्हा चाखलं. चूक नाही, बाबा.

अठराव्या दिवशी ही अवस्था म्हणजे टाकी धावते आहे. आणखी दहा दिवस ठेवलीत तर हाताशी काही राहणार नाही. लगेच गाळा. मला इथे जेवण जात नाही.

शिनो

•

ओमी, १५ फेब्रुवारी

शिनो,

पत्र मिळालं. एकोणीस तारखेला पहाटे गाळायचं ठरवलं आहे. पिशव्या धुऊन वाळत घातल्या.

तुझ्या नवऱ्याने सगळ्यांसमोर तोंड उघडलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. म्हणतो, "तोजी, अजून निदान दहा दिवस आहेत. काटा सांगतोय, साखर बाकी आहे. वासही कोवळा आहे. आत्ता गाळली तर गोडमिट्ट पाणी निघेल." मी म्हटलं, "काट्याला नाक असतं तर काट्यालाच तोजी केलं असतं." बाकीचे हसले नाहीत. तो म्हणाला, "तोजी, एकदा पळीत घेऊन नीट हुंगा तरी." मला ते झोंबलं. म्हटलं, "जावई झालास म्हणून तोजी झाला नाहीस." तो गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. कामापुरतं हो-नाही.

उद्या त्याच टाकीची आणखी एक बाटली पाठवतो, फक्त खात्रीसाठी. तुझं उत्तर मला गाळायच्या आत मिळणार नाही हे ठाऊक आहे. तरी पाठवतो. माझा तुझ्यावर भरवसा आहे. इथे आता तेवढाच आहे.

तोराकिची

•

तार
नोतोहून, १८ फेब्रुवारी, दुपारी १२.४०
मुकादम तामेझो यांस

बाबांना वास येत नाही डिसेंबरपासून. मी बाटलीवरून सांगत होते. माझी चूक. टाकी ठीक आहे. गाळू देऊ नका. शिनो

•

नोतो, १८ फेब्रुवारी

बाबा,

तुम्हाला हे मिळेल तेव्हा तार पोचलेली असेल. तार कचेरीत जाते, कारकून वाचतो, मालक वाचतो, हे मला माहीत होतं. माहीत असून केली. तुम्ही मला आयुष्यात एक गोष्ट लपवायला सांगितलीत आणि मी ती पोस्टाच्या खिडकीत उभी राहून मोठ्याने वाचून दाखवली.

आज तुमची दुसरी बाटली आणायला स्टेशनवर गेले. पार्सलवाले काका कौतुकाने म्हणाले, "पोरी, मागच्या खेपेसारखीच याही वेळी जपून ठेवली हो. यंदाची थंडी केवढी आहे! गोठून बाटली तडकेल म्हणून आल्यापासून शेगडीला टेकवून ठेवली. मागची तर अख्खे दोन दिवस होती." बाटलीला हात लावला तर कोमट, बाबा! अंघोळीच्या पाण्यासारखी!

डिसेंबरात एवढी थंडी नव्हती, तेव्हा त्या कोपऱ्यात पडून असायच्या. म्हणून तेव्हा माझं बरोबर आलं. या वेळी मी तुमची टाकी हुंगलीच नाही. मी शेगडीवर दोन दिवस उकडलेली बाटली हुंगली. तुमचं आंबवण तिथे बर्फासारखं गार, शांत पडलेलं असणार, आणि मी इथून ओरडत होते, धावतंय, धावतंय! मूर्ख मी. आंबवण वाटेतही आंबतं, हे एवढंसं तोजीच्या लेकीला सुचू नये?

काकांना काय बोलू? बिचाऱ्यांनी मायेने केलं. त्यांना थँक्यू म्हणून बाहेर आले आणि पळत पोस्टात गेले. तुम्हाला तार केली असती तर तुम्ही ती खिशात घातली असती. नसती घातली म्हणता? मी तुम्हाला ओळखते. म्हणून ह्यांना केली.

मला शिव्या द्या, पण लिहा.

शिनो

•

ओमी, २७ फेब्रुवारी

शिनो,

या वेळी बाबा नाही, मी लिहितो आहे. तुझ्या तारेला उत्तर द्यायला उशीर झाला. सगळं संपल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तार संध्याकाळी आली. धाकटे मालक कागद हातात घेऊन तडक टाकीपाशी आले आणि सगळ्यांसमोर वाचली. बाबा जिन्यावर उभे होते. मालकांनी विचारलं, "तोजी, हे खरं आहे?" मला वाटलं होतं, बाबा तुलाच खोटी पाडतील. ते खाली उतरले, डोक्याचा टॉवेल सोडला, घडी घातली आणि म्हणाले, "खरं आहे. मुलगी खोटं बोलत नाही." मग पळी माझ्या हातात दिली आणि अंगणात गेले.

आता मीही तुला एक सांगतो. आम्हाला ठाऊक होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून. त्या दिवशी सूप करपलं होतं, शिनो! पार जळकं! बाबा म्हणाले मिसो नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? आम्ही अकरा जण त्याच दुपारी बसलो आणि ठरवलं की त्यांना कळू द्यायचं नाही. टाकीपाशी जो जाईल त्याने वास मोठ्याने बोलायचा, म्हणजे त्यांच्या कानावर पडेल आणि ते स्वतःचं म्हणून सांगतील. सांगायचेही. आम्हाला वाटायचं, चाललंय, आपलं ऐकून चाललंय. तुझ्या बाटल्यांचं आम्हाला काय माहीत? ते ऐकत तुझं होते. आमचं ओरडणं म्हणजे त्यांना बेशिस्त वाटायची.

मी एकदा एकट्यात बोलायला हवं होतं. हिंमत झाली नाही. त्यांना सांभाळून घेतलेलं खपत नाही, म्हणून सांभाळून घेतोय हेही लपवत बसलो. तू तिकडून लपवत होतीस, मी इकडून, आणि टाकी मधल्या मध्ये मरायला निघाली होती. त्यांच्याकडून तुला कळलं होतं तर मला एक ओळ लिहायची होतीस. मला राग आला होता, आता नाही.

पंचवीस तारखेला पहाटे गाळली. पहिली धार आली तेव्हा मी बाबांना बोलवायला गेलो. आले नाहीत. मी पेला घेऊन अंगणात गेलो. त्यांनी घोट तोंडात धरला, बराच वेळ धरला, आणि थुंकला. मला विचारलं नाही, कशी आहे. मी आपणहून सांगितलं. नाशपाती आहे, म्हटलं, पण मागे उभी आहे. खाऱ्या माशाला पुरून उरेल. ते म्हणाले, "मालकांना सांग. मला काय सांगतोस?"

तुझं पत्र त्यांनी न फोडता उशाखाली ठेवलं आहे.

तामेझो

•

ओमी, २८ मार्च

शिनो,

महिनाभर लिहिलं नाही. राग होता. तुझी पत्रं काल एकदम फोडली, सहा होती.

पारखीचा निकाल लागला. सातवी टाकी पहिल्या दहांत आहे. मालक म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात तुमच्याच गावची माणसं. तांबाचा विषय संपला. तोजी तामेझो. मला म्हणाले, "तुम्ही आता घरी विश्रांती घ्या, आम्ही आठवणीने साके पाठवत जाऊ." चांगलं वागले. मी वाकून नमस्कार केला.

तू तार केलीस तेव्हा मला वाटलं, पोटच्या पोरीने भर बाजारात नागडं केलं. महिनाभर तेच वाटत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोणाला? मग रोज सकाळी टाकीजवळून जाताना मनात यायचं की एकोणीस तारखेला ती गाळली असती तर मी आजही तोजी असतो आणि ही अकरा पोरं पुढच्या वर्षी कुठेतरी सिमेंट कालवत असती. टाकी वाचली, मी नाही वाचलो. उलटं झालं असतं तर मला गावात तोंड दाखवता आलं नसतं. तू बरोबर केलंस. हे लिहायला मला महिना लागला, तुझ्या आईला विचारायची सोय असती तर ती म्हणाली असती, लवकर झालं.

पार्सलवाल्याला माझ्याकडून एक बाटली दे. त्याच्यावर राग नाही. थंडीत आलेलं माणूस असो नाहीतर बाटली, आपल्याकडे शेगडीजवळच बसवतात.

वास परत आलेला नाही. डॉक्टर आता वसंताचं नाव घेत नाही.

टाक्या धुऊन उलट्या घातल्या, पिशव्या बांधल्या, दोन तारखेच्या गाडीने निघतो. साकेघरात मला काम नाही, नुसतं बसवत नाही, म्हणून स्वयंपाक्याला टाक्या धुवायला पाठवलं आणि चुलीपाशी मी बसलो. काल बारा जणांचं सूप केलं. मुळा कापला, मिसो कालवला, आणि पळी हातात धरून बसून राहिलो. कमी की जास्त, काही कळेना. पोरं वाडगी घेऊन रांगेत उभी. आता कोणी वास मोठ्याने ओरडून सांगत नाही.

मी पळी तामेझोपुढे धरली. म्हटलं, "तोजी, जरा चाखून सांगा."

तोंड लाल झालं त्याचं. मग पळी घेतली, फुंकर घातली, प्यायला.

"कमी आहे, बाबा," म्हणाला.

मी आणखी घातला.

तोराकिची